व्हिडिओ गेमचे प्रकार

व्हिडिओ गेमचे प्रकार म्हणजे खेळाडूला कोणत्या कृती कराव्या लागतात आणि त्या कोणत्या नियमांच्या चौकटीत कराव्या लागतात, यांवरून पाडलेले व्हिडिओ गेमचे गट होत. कादंबरी किंवा चित्रपट यांचे प्रकार बहुधा कथानक, वातावरण आणि रसिकाच्या मनात उमटणारा भाव यांवरून ओळखले जातात, उदा. रहस्यकथा, विनोदी चित्रपट, ऐतिहासिक कादंबरी. व्हिडिओ गेममध्ये मात्र कथेचा काळ, स्थळ व पात्रे यांना वर्गीकरणाच्या दृष्टीने दुय्यम स्थान असते. नेम धरणे, उडी मारणे, कोडे सोडवणे, सैन्य हलवणे, नगर वसवणे अशा कृती खेळाचा प्रकार ठरवतात.

हे तत्त्व सामान्यतः मान्य असले, तरी प्रत्यक्षात रूढ झालेली नावे एकाच निकषावर बेतलेली नाहीत. काही नावे कृतीवरून, काही पडद्यावरील दृष्टिकोनावरून, तर काही एखाद्या गाजलेल्या पूर्वसूरी खेळावरून पडली आहेत. त्यामुळे प्रकारांची एकच सर्वमान्य यादी अस्तित्वात नाही. निर्माते, विक्रेते, समीक्षक आणि खेळाडू यांच्या वापरातून प्रकार घडत जातात व कालांतराने बदलतात.

विषय आणि प्रकार यांतील भेद

एकाच विषयावरील दोन खेळ वेगवेगळ्या प्रकारांत मोडू शकतात. क्रिकेट हे याचे सोपे उदाहरण आहे. २००६ साली आलेल्या ‘क्रिकेट ०७’ या खेळात खेळाडू फलंदाजाचा फटका व त्याची वेळ स्वतः साधतो. हात आणि डोळे यांचा मेळ येथे निर्णायक ठरतो. १९९८ साली सुरू झालेल्या ‘इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन’ या मालिकेत संघनिवड, क्षेत्ररचना व गोलंदाजीतील बदल हे निर्णय खेळाडू घेतो आणि सामना संगणक चालवतो. दोन्हींचा विषय क्रिकेट असला, तरी पहिला क्रीडा-ॲक्शन गटात आणि दुसरा व्यवस्थापन गटात धरला जातो.

याच्या उलट, सर्वस्वी भिन्न विषयांचे खेळ एका प्रकारात येऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि मंगळावर राक्षसांशी लढणारा रक्षक या दोघांच्या डोळ्यांतून जग दाखवून बंदूक चालवायला लावणारे खेळ ‘फर्स्ट-पर्सन शूटर’च ठरतात. ‘अंतराळ खेळ’ असा गट पाडल्यास १९७८ सालचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९९३ सालचा ‘मास्टर ऑफ ओरायन’ शेजारी बसतील. पहिल्यात खालच्या बाजूला सरकणाऱ्या तोफेने परग्रहवासीयांच्या रांगा टिपायच्या असतात. दुसऱ्यात ग्रह वसवून पाळीपाळीने साम्राज्य उभारायचे असते. पहिला आवडणाऱ्या खेळाडूला दुसरा आवडेलच असे नाही. विषयावरून केलेले वर्गीकरण खेळाचा अनुभव सांगण्यास अपुरे पडते, ते यामुळे.

यास अपवादही आहेत. ‘हॉरर गेम’ हे नाव भयाच्या भावनेवरून पडले आहे आणि ‘क्रीडा’ हा गट मुळात विषयावरूनच ठरतो.

वर्गीकरणाचे निकष

खेळाचा प्रकार ठरवताना साधारणपणे पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

मुख्य कृती: खेळाचा बहुतांश वेळ खेळाडू काय करतो? लढणे, धावणे, बांधणे, शोधणे किंवा जुळवणे यांपैकी कोणती कृती वारंवार करावी लागते?

कालाची रचना: खेळ अखंड चालतो की पाळीपाळीने? बुद्धिबळाप्रमाणे विचारास अवधी देणारा खेळ आणि क्षणाक्षणाला प्रतिसाद मागणारा खेळ यांत विषय सारखा असला, तरी अनुभव पूर्ण निराळा असतो.

दृष्टिकोन: जग पात्राच्या डोळ्यांतून दिसते, पात्राच्या पाठीमागून दिसते, बाजूने दिसते की वरून?

आव्हानाचे स्वरूप: यश चपळतेवर, तर्कावर, नियोजनावर, स्मरणशक्तीवर की नशिबावर अवलंबून आहे?

प्रगती व पराभव: पात्राची क्षमता वाढत जाते काय? हरल्यास खेळाडू थोडा मागे जातो की सर्व काही गमावून पुन्हा आरंभ करतो?

खेळाडूंची संख्या व संबंध: खेळ एकट्याने खेळायचा आहे, सहकार्याने की स्पर्धेने?

हे निकष परस्परांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्येक निकषाला दोन-तीनच पर्याय धरले, तरी त्यांचे शेकडो संयोग संभवतात. रूढ प्रकार म्हणजे त्यांपैकी वारंवार वापरले गेलेले व खेळाडूंना ओळखीचे झालेले संयोग होत.

नावांचा इतिहास

१९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ आणि १९७८ साली टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हे खेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतून लोकांपर्यंत पोहोचले. यशस्वी खेळाची अनेक अनुकरणे निघत आणि मूळ खेळाच्या संदर्भानेच ती ओळखली जात. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’नंतर चक्रव्यूहातून पळण्याचे खेळ वाढले. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ने शिड्या चढणे व उड्या मारणे ही कृती लोकप्रिय केली. आरंभी अशा खेळांना ‘चढण्याचे खेळ’ असेही म्हटले जाई. पुढे ‘प्लॅटफॉर्म गेम’ हे नाव स्थिरावले आणि १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने तो प्रकार घरोघरी नेला.

संगणकावरील खेळांची वाट वेगळी होती. विल क्राउदर या प्रोग्रामरने १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहाच्या अनुभवावर आधारित एक शब्दमय खेळ रचला व डॉन वुड्स यांनी १९७७ साली तो वाढवला. पडद्यावरील वर्णन वाचून खेळाडू एक-दोन शब्दांच्या आज्ञा टंकित करी. ‘अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तो ओळखला जाई. त्याच्या नावावरून संपूर्ण प्रकारालाच ते नाव मिळाले.

१९९३ साली इड सॉफ्टवेअर कंपनीचा ‘डूम’ प्रसिद्ध झाल्यावर त्याच्यासारख्या खेळांना काही वर्षे ‘डूमची नक्कल’ या अर्थाच्या नावाने संबोधले जाई. पुढे अशा खेळांची संख्या व त्यांतील वैविध्य वाढले. १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’सारख्या खेळांत कथेला मोठे स्थान मिळाले आणि ‘नक्कल’ हे वर्णन लागू पडेना. दृष्टिकोन व कृती यांवरून बेतलेले ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ हे नाव तोवर रूढ झाले होते. एखाद्या खेळाची अनुकरणे त्याच्यापासून पुरेशी दूर गेली, की मूळ खेळाचे नाव मागे पडून वर्णनात्मक नाव पुढे येते, असे या उदाहरणावरून दिसते.

प्रमुख प्रकार

ॲक्शन: चपळता, अचूक वेळ आणि हात-डोळ्यांचा समन्वय यांवर भर देणारे खेळ. प्लॅटफॉर्म गेम, शूटर व १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’सारखे द्वंद्वाचे खेळ हे याचे उपप्रकार होत.

अ‍ॅडव्हेंचर: शोध, संवाद व कोडी यांतून कथा पुढे नेणारे खेळ. १९८४ साली सुरू झालेली ‘किंग्ज क्वेस्ट’ ही मालिका याच प्रकारातील होय.

रोल-प्लेइंग गेम: १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरील खेळाचा वारसा सांगणारे खेळ. पात्राचे बळ, कौशल्य व अनुभव अंकांत मोजले जातात आणि खेळाबरोबर वाढतात. १९८१ साली आलेले ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ हे संगणकावरील आरंभीचे प्रभावी खेळ होत.

स्ट्रॅटेजी: साधनसंपत्ती व सैन्य यांचे नियोजन करण्याचे खेळ. १९९१ सालचा ‘सिव्हिलायझेशन’ पाळीपाळीने खेळला जातो, तर १९९२ सालच्या ‘ड्यून २’ने अखंड वेळेत चालणाऱ्या स्ट्रॅटेजी खेळांचा साचा घालून दिला.

सिम्युलेशन: एखाद्या यंत्राचे किंवा व्यवस्थेचे प्रतिरूप हाताळण्याचे खेळ. विमान चालवणे आणि १९८९ सालच्या ‘सिमसिटी’प्रमाणे नगर वसवणे, ही दोन्ही टोके या प्रकारात येतात.

पझल: तर्क व आकृतिबोध यांवर आधारलेले खेळ. सोव्हिएत संघात अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास रचलेला ‘टेट्रिस’ हे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

क्रीडा व रेसिंग: प्रत्यक्षातील खेळ किंवा शर्यती यांवर आधारलेले खेळ.

यांखेरीज तालावर आधारलेले खेळ, पत्त्यांचे व पटावरचे खेळ, शैक्षणिक खेळ इत्यादी गट मानले जातात.

संज्ञांचा शब्दशः अर्थ

वरील संज्ञांचे केवळ शब्दार्थ घेतल्यास गैरसमज होण्याचा संभव असतो. ‘अ‍ॅडव्हेंचर गेम’ला ‘साहसी खेळ’ म्हटले, तर उड्या मारत शत्रूंना चुकवणारा मारिओही त्यात बसेल; परंतु या संज्ञेतून सावकाश शोध घेण्याचा, कोड्यांचा खेळ अभिप्रेत आहे. ‘रोल-प्लेइंग’ म्हणजे भूमिका करणे. पण भूमिका तर जवळजवळ प्रत्येक खेळात असते. पात्राच्या क्षमतांची वाढ व तीविषयी खेळाडूने घ्यायचे निर्णय हे या प्रकाराचे खरे लक्षण आहे. अशा संज्ञा मूळ भाषेतही शब्दार्थापेक्षा परंपरेने अर्थ धारण करतात. मराठीत बोलताना व लिहिताना इंग्रजी नावेच देवनागरीत वापरण्याचा प्रघात असल्याने ही परंपरा सहसा तशीच उचलली जाते.

उपप्रकार आणि संकर

एका प्रकारातील काही वैशिष्ट्ये बदलली, की उपप्रकार निर्माण होतो. दोन प्रकारांची वैशिष्ट्ये एकत्र आली, की संकर होतो. ॲक्शन-अ‍ॅडव्हेंचर हा संकर आता स्वतंत्र प्रकार मानण्याइतका रुळला आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला व २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ याच गटात येतो. त्याची कथा व दृश्ये भारतीय पुराणकथांवर आधारलेली आहेत. पण त्याचा प्रकार त्यातील लढाई, उड्या व शोध यांवरून ठरतो.

‘रोगलाइक’ या उपप्रकाराचा इतिहास व्याख्येच्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकतो. १९८० सालच्या ‘रोग’ या खेळात तळघराची रचना प्रत्येक डावाला नव्याने तयार होई आणि पात्र मेल्यास डाव कायमचा संपे. त्याच्या वळणावर अनेक खेळ निघाले. २००८ साली बर्लिन येथे भरलेल्या रोगलाइक निर्मात्यांच्या परिषदेत या प्रकाराची लक्षणे निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. यादृच्छिक रचना, कायमचा मृत्यू, पाळीपाळीने खेळणे, चौकटींचा पट इत्यादी लक्षणे महत्त्वाची मानली गेली. मात्र खेळ त्या प्रकारात बसण्यास प्रत्येक लक्षण असलेच पाहिजे, अशी अट घातली गेली नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘स्पेलन्की’ने यांपैकी पहिली दोन लक्षणे प्लॅटफॉर्म गेममध्ये आणली. पुढे ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ व ‘हेडीज’ यांसारख्या खेळांना पाळीपाळीची रचना नसतानाही बरेच लोक रोगलाइक म्हणू लागले. जुन्या व्याख्येचे समर्थक अशा खेळांसाठी ‘रोगलाइट’ हे वेगळे नाव वापरतात. येथे मूळ खेळाचे नाव टिकून राहिले, पण त्याचा अर्थ बदलत गेला.

‘मेट्रॉइडव्हेनिया’ हे नाव ‘मेट्रॉइड’ व ‘कॅसलव्हेनिया’ या दोन मालिकांची नावे जोडून तयार झाले. एकमेकांत गुंतलेल्या विस्तीर्ण नकाशात नवी क्षमता मिळाल्यावर जुने बंद मार्ग उघडणे, हे त्याचे लक्षण आहे.

काही उपप्रकार खेळाडूंनी केलेल्या बदलांतून जन्मले. २००२ सालच्या ‘वॉरक्राफ्ट ३’साठी हौशी निर्मात्यांनी रचलेल्या ‘डोटा’ या नकाशात सैन्याऐवजी एकच वीर हाताळायचा असे. त्यातून निर्माण झालेल्या प्रकाराचे ‘मोबा’ हे नाव ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या निर्मात्यांनी पुढे केले, तर ‘डोटा २’च्या निर्मात्यांनी आरंभी आपल्या खेळासाठी निराळी संज्ञा वापरली. प्रकाराचे नाव ठरवण्यात व्यावसायिक स्पर्धेचाही वाटा असतो, हे यावरून दिसते.

‘बॅटल रॉयल’ या प्रकाराचे नाव त्याच नावाच्या जपानी कादंबरीवरून व तिच्यावरील २००० सालच्या चित्रपटावरून आले. अनेक खेळाडू एका भूभागावर उतरतात, खेळाचे क्षेत्र आक्रसत जाते आणि शेवटी टिकणारा विजयी होतो. २०१७ सालच्या ‘पबजी’मुळे हा प्रकार जगभर पसरला.

प्रदेशपरत्वे भेद

प्रकारांच्या सीमा सर्व देशांत सारख्या नाहीत. युजी होरी यांच्या १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ यांतील कल्पना सुटसुटीत करून जपानी रोल-प्लेइंग गेमची परंपरा घडवली. ठरीव कथानक आणि पूर्वनिश्चित नायक हे तिचे ठळक गुण मानले जातात, तर पाश्चात्त्य परंपरेत पात्र स्वतः घडवण्यावर अधिक भर असतो. परिणामी दोन्हींना एकच नाव असले, तरी खेळाडूची अपेक्षा भिन्न असते. ‘जपानी’ हे विशेषण येथे केवळ देश दर्शवत नाही. त्या शैलीत अन्य देशांत तयार झालेल्या खेळांनाही ते लावले जाते.

अभ्यासकांची मांडणी

व्हिडिओ गेमपूर्वीच्या काळात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रोजे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण व भोवंड असे चार गट मांडले होते. ही विभागणी आजही आधार म्हणून वापरली जाते.

खेळरचनाकार ख्रिस क्रॉफर्ड यांनी १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात संगणक खेळांचे कौशल्य-ॲक्शन व स्ट्रॅटेजी असे दोन मुख्य विभाग केले. ॲडव्हेंचर खेळांना त्यांनी स्ट्रॅटेजी विभागात स्थान दिले. आपले वर्गीकरण हेच एकमेव योग्य वर्गीकरण आहे, असा दावा त्यांनी केला नाही.

मार्क जे. पी. वुल्फ यांनी खेळाडूच्या सहभागाचे स्वरूप हा पाया मानून ४२ प्रकारांची यादी दिली. पकडणे, चुकवणे, गोळा करणे अशा मूलभूत कृतींनाही तीत स्वतंत्र स्थान आहे आणि एक खेळ एकाहून अधिक प्रकारांत असू शकतो. एस्पेन आर्सेथ व सहकाऱ्यांनी २००३ साली नावांच्या यादीऐवजी अवकाश, काल, नियम इत्यादी अनेक परिमाणांवर प्रत्येक खेळाची नोंद करण्याची पद्धत मांडली. थॉमस ॲपर्ली यांनी २००६ सालच्या लेखात बाजारात रूढ असलेले प्रकार दृश्यरूपावर अतिरिक्त भर देतात, अशी टीका केली आणि परस्परक्रियेच्या स्वरूपाकडे लक्ष वेधले.

या मांडण्यांत एक ताण कायम दिसतो. थोडे व व्यापक प्रकार लक्षात ठेवण्यास सोपे असतात, पण त्यांतून खेळाविषयी फारसे कळत नाही. बारीक प्रकार नेमकी माहिती देतात. मात्र त्यांची संख्या वाढत गेल्यास वर्गीकरणाचा हेतूच बाजूला पडतो. खेळांच्या डिजिटल विक्रीत एका खेळाला अनेक लेबले जोडून यातून मार्ग काढला जातो. ‘स्टीम’ या विक्रीमंचाने २०१४ साली खेळाडूंनाच अशी लेबले लावण्याची मुभा दिली. तेथे प्रकार, विषय, भाव व दृष्टिकोन दर्शवणारे शब्द एकाच यादीत येतात.

प्रकाराहून भिन्न वर्गीकरणे

प्रकार आणि अन्य वर्गीकरणे यांची गल्लत टाळणे आवश्यक असते. ‘मोबाइल गेम’ हे नाव उपकरण सांगते, ‘मल्टिप्लेअर’ खेळण्याची पद्धत सांगते आणि ‘विनामूल्य’ व्यवहाराचे स्वरूप सांगते. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी आणि युरोपात २००३ पासून पेगी या व्यवस्था खेळांना वयोगट देतात. तो हिंसा, भाषा, जुगार इत्यादी आशयावरून ठरतो, प्रकारावरून नव्हे. एकाच प्रकारातील एक खेळ लहान मुलांसाठी, तर दुसरा केवळ प्रौढांसाठी असू शकतो. पालकांनी खेळ निवडताना केवळ प्रकाराचे नाव पाहणे त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

भारतात सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर घातलेली बंदी विशिष्ट ॲपवर होती, बॅटल रॉयल या प्रकारावर नव्हती. २०२१ साली ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा त्याच प्रकारचा खेळ उपलब्ध झाला.

कायद्याच्या दृष्टीने भारतात दीर्घकाळ महत्त्वाचा ठरलेला भेद कौशल्याचा खेळ व नशिबाचा खेळ असा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे मत दिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ व पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ असे वर्ग केले आहेत. पैसे लावून खेळायच्या खेळांना तो कौशल्य-नशीब असा भेद न करता प्रतिबंध करतो. सोंगट्या, पत्ते किंवा क्रिकेट असा खेळाचा बाह्य विषय येथे निर्णायक नाही. पैसे पणाला लागतात काय, हा प्रश्न निर्णायक आहे. नवी मुंबईतील गेमशन कंपनीच्या २०१६ सालच्या ‘लुडो किंग’सारखा पटावरचा खेळ आणि पैसे लावून खेळला जाणारा लुडो यांचा पट व सोंगट्या सारख्या असल्या, तरी कायद्यापुढे ते निराळे ठरतात.

मर्यादा

एखाद्या खेळाचे बाह्यरूप एका प्रकाराचे आणि आव्हान दुसऱ्या प्रकाराचे असू शकते. २००७ सालच्या ‘पोर्टल’मध्ये जग पात्राच्या डोळ्यांतून दिसते आणि हातात बंदुकीसारखे साधन असते, पण त्या साधनाने शत्रू टिपायचे नसून भिंतींवर द्वारे उघडून कोडी सोडवायची असतात. दृष्टिकोन व साधन पाहता तो शूटर, तर आव्हान पाहता पझल ठरतो. अशा खेळांच्या बाबतीत प्रकाराचे नाव सांगण्यापेक्षा कोणत्या निकषावरून ते दिले आहे, हे सांगणे अधिक उपयुक्त ठरते.